परवलीचा शब्द आणि आपली लिपी



संगणकावरून टपाल पाठवताना आपण जो परवलीचा शब्द, म्हणजे बोलीभाषेत ‘पासवर्ड’, देतो तो मराठीत असला तर काय होते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता तो एखाद्या कारखान्याच्या आतला, तंत्रज्ञांनी आपसात मिटवावा असा वाटेल. परंतु तंत्रज्ञांच्या ज्या निर्णयांचे बरे-वाईट परिणाम सामान्य माणसाच्या दारापर्यंत येतात, त्यांची चर्चा अशा व्यासपीठावरूनही व्हावी असे आम्हांस वाटते. म्हणून, गणिताची वा यंत्रविद्येची काहीही पूर्वतयारी गृहीत न धरता, आम्ही हा विषय आपल्यापुढे मांडणार आहोत.

प्रथम परवली म्हणजे काय ते पाहू. रात्री किल्ल्याचे दरवाजे बंद झाले की बाहेरून येणाऱ्याला पहारेकरी परवली विचारी. आलेला मनुष्य वेशाने, बोलण्याने, घोड्यावरून कितीही ओळखीचा वाटला तरी ठरलेला शब्द त्याच्या तोंडून निघाल्याशिवाय दरवाजा उघडायचा नाही, असा दंडक. परवलीत ‘जवळपास बरोबर’ असे काही नसते. पत्रात एखादी वेलांटी चुकली तर वाचणारा सांभाळून घेतो. परवलीत एक काना चुकला तर दार बंद. संगणकाचा पहारेकरी तर माणसाहूनही कडक. त्याला चेहरा दिसत नाही, आवाज ऐकू येत नाही. शब्द तंतोतंत जुळतो की नाही एवढेच तो पाहतो.

आता कल्पना करा की आलेल्या शिपायाने शब्द अगदी बरोबर उच्चारला आहे; पण पहारेकरी आणि शिपाई यांच्यामध्ये एक दुभाषी उभा आहे, आणि त्या दुभाष्याला शिपायाची भाषा येत नाही. तो शब्द चुकीचा पोहोचवतो, किंवा पोहोचवतच नाही. आतून उत्तर येते, ‘परवली चुकीची.’ शिपाई बिचारा स्वतःच्या स्मरणशक्तीला दोष देत रात्रभर बाहेर बसतो. आजच्या आमच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. हा दुभाषी कोण, त्याला आपली भाषा का येत नाही, आणि त्याला ती कशी शिकवावी, हे आता क्रमाने पाहू.

टपाल पाठवणारा कार्यक्रम लिहिणारा माणूस सगळेच स्वतः घडवत नाही. सुतार दार करतो तेव्हा बिजागऱ्या, कड्या, खिळे बाजारातून आणतो. तद्वत कार्यक्रम लिहिणारा ‘टपालघराशी बोलणे’ हे काम तयार मालातून उचलतो. अशा तयार मालाच्या संचाला या धंद्यात ‘लायब्ररी’ म्हणतात. हजारो कार्यक्रम एकाच लायब्ररीवर उभे असतात. त्यामुळे तिच्यात एका ओळीत केलेली चूक हजारो ठिकाणी उमटते, आणि एका ओळीत केलेला शहाणपणाही. आमचा दुभाषी तो हाच.

संगणकात अक्षर नावाची वस्तूच नसते; तेथे फक्त अंक असतात. कोणत्या अक्षराला कोणता अंक, हे माणसांनी आपसात ठरवायचे. अमेरिकेत १९६३ साली असा एक तक्ता प्रसिद्ध झाला. त्याला ‘आस्की’ म्हणतात. त्यात १२८ जागा. इंग्रजी लिपीतली मोठी-लहान अक्षरे, दहा आकडे, विरामचिन्हे आणि यंत्राला द्यायच्या काही आज्ञा एवढ्यांनी त्या पुढे भरून गेल्या. मोठ्या ‘ए’ला ६५, लहान ‘यू’ला ११७, असा तो हिशेब. ज्यांनी तो केला त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. त्यांच्यापुढे त्यांच्या देशाची तारयंत्रे आणि त्यांची भाषा होती. पण एखाद्या वाड्याचे जोते लहान घातले की वरचे मजले त्या मापाने बसवावे लागतात, तसे पुढे झाले.

१९७१ साली रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरच्या माणसाला निरोप पाठवण्याची सोय केली, आणि १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी टपाल नेण्याआणण्याचे नियम, म्हणजे ज्याला ‘एसएमटीपी’ म्हणतात ते, लिहून काढले. हे नियम आस्कीच्याच मापाचे होते. १२७ च्या पुढचा अंक वाटेत टिकेलच याची त्यात हमी नव्हती. दहा वर्षांनी, १९९२ मध्ये, ‘माइम’ नावाची सुधारणा आली. कोणतेही अंक असोत, त्यांचे तीन-तीनचे गट करून प्रत्येक गट चार साध्या चिन्हांत गुंडाळायचा, ही ‘बेस-६४’ची युक्ती तिच्यामुळे टपालात रूढ झाली. ही गुंडाळी म्हणजे कुलूप नव्हे. कोणीही ती उलगडू शकतो. ती फक्त माल न सांडता नेण्याची पुडी आहे. ही पुडी आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे.

दरम्यान इतर भाषांचे काय झाले? आपल्या भाषेची गोष्ट सोडा. प्रत्यक्ष इंग्रजाची अडचण पाहा. लंडनच्या व्यापाऱ्याचे पौंडाचे चिन्ह आस्कीत नाही! जर्मन माणसाचा दोन टिंबांचा ‘यू’ नाही, फ्रेंच माणसाचे मात्रा दिलेले ‘ई’ नाही. मग ज्याने त्याने १२८ च्या पुढच्या रिकाम्या जागा आपापल्या परीने भरल्या, आणि तक्त्यांची खोगीरभरती झाली. आपल्याकडेही भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ या नावाने राष्ट्रीय मानक ठरले. त्याच वर्षी सर्व जगाच्या लिप्यांना एकाच वहीत जागा देणाऱ्या ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. त्या वहीत देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंतचे क्रमांक आहेत. आपला ‘म’ २३५० वा.

पण क्रमांक मिळाला म्हणजे तो तारेवरून जाण्यास योग्य झाला असे नाही. एका वेळी २५५ पर्यंतचाच अंक पाठवता येतो. अशा एका अंकाच्या घराला ‘बाइट’ म्हणतात. मोठा क्रमांक अनेक बाइटांत कसा मोडावा, याची सर्वांत यशस्वी रीत केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये काढली. तिचे नाव ‘यूटीएफ-८’. त्या रीतीने ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४ असे तीन बाइट. प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. जर्मन दोन टिंबांचा ‘यू’ जुन्या पश्चिम युरोपी तक्त्याने एकच बाइट, २५२. नव्या रीतीने दोन, १९५ आणि १८८. आता एखाद्याने आपली परवली संकेतस्थळावर ठरवली तेव्हा ती नव्या रीतीने नोंदली गेली, आणि त्याचा टपालाचा कार्यक्रम मात्र जुन्या तक्त्याने पाठवतो, असे समजा. माणसाने तीच कळ दाबली, तेच अक्षर पाहिले. पहारेकऱ्याकडे मात्र दोन वेळा दोन निराळे शब्द पोहोचले. उत्तर येते क्रमांक ५३५, म्हणजे ‘ओळख पटली नाही.’

आता दुभाष्याकडे वळू. टपालघराच्या दारावर परवली देण्याच्या काही ठरलेल्या पद्धती आहेत. त्यांतल्या तीन आपल्या कामाच्या.

पहिली पद्धत ‘प्लेन’, म्हणजे साधी. नाव आणि परवली एकापुढे एक ठेवून, मध्ये शून्याचा बाइट घालून, बेस-६४च्या पुडीत बांधून पाठवायची. अर्थात ही पुडी गुप्त केलेल्या वाटेनेच न्यायची. या पद्धतीचा २००६ सालचा नियम स्पष्ट सांगतो की अक्षरे यूटीएफ-८ रीतीने लिहावी. म्हणजे येथे कायदा आपल्या बाजूचा आहे.

दुसरी पद्धत १९९७ सालची, ‘क्रॅम-एमडी५’. तिच्यात परवली तारेवरून जातच नाही. पहारेकरी एक प्रश्न टाकतो, आणि परवली व प्रश्न यांची मोड करून निघणारे उत्तर आपण पाठवतो. कल्पना सुंदर; पण आस्कीबाहेरची अक्षरे कोणत्या रीतीने अंकांत मांडावी याबद्दल तो नियम मूक आहे. साध्या पद्धतीत पहारेकऱ्याला निदान आलेले बाइट दिसतात, आणि मनात आणले तर तो दुसऱ्या तक्त्याने ताडून पाहू शकतो. येथे रीत चुकली की उत्तर साफ निराळे येते, आणि का चुकले हे त्याला कळण्यास मार्ग नाही.

तिसरी पद्धत टपालपेटी उघडण्याच्या ‘आयमॅप’ नियमांतली ‘लॉगिन’ ही आज्ञा. हिच्यात पुडीसुद्धा नाही. नाव आणि परवली उघड्या ओळीत लिहायची. २०१३ साली आयमॅपमध्ये यूटीएफ-८ची सोय करणारा नियम झाला, तेव्हा त्याने मुद्दाम बजावले की लॉगिन आज्ञेचा विस्तार आम्ही केलेला नाही. ज्याची परवली आस्कीबाहेरची असेल त्याने दुसऱ्या, ‘ऑथेंटिकेट’ या आज्ञेने यावे. म्हणजे दार आहे, पण ते बाजूला आहे. आणि ते दाखवणे हे लायब्ररीचे काम.

मग लायब्ऱ्या काय करतात? पायथॉन या जगभर वापरल्या जाणाऱ्या भाषेचे उदाहरण घेऊ. २००८ मध्ये आलेल्या तिच्या तिसऱ्या पिढीत ‘अक्षरे वेगळी आणि बाइट वेगळे’ हा भेद काटेकोरपणे केला गेला, ही मोठी स्तुत्य गोष्ट. पण तिच्याबरोबर मिळणाऱ्या टपालाच्या तीन लायब्ऱ्यांत कित्येक आवृत्त्या पुढीलप्रमाणे स्थिती राहिली. टपाल उतरवून घेणारी ‘पॉप’ची लायब्ररी परवली यूटीएफ-८ने पाठवी. टपाल धाडणारी एसएमटीपीची लायब्ररी आस्कीचाच आग्रह धरी, आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला अडून काम टाकून देई. आयमॅपची लायब्ररी लॉगिन आज्ञेला आस्की वापरी, पण क्रॅम पद्धतीला यूटीएफ-८. एका घरातली तीन भावंडे, आणि पाहुण्याशी तिघांची तीन प्रकारची वागणूक!

यातली विसंगती नीट पाहा. एसएमटीपीच्या साध्या पद्धतीत शेवटी सगळे बेस-६४च्या पुडीतच जायचे असते, आणि त्या पुडीला कोणताही बाइट चालतो. म्हणजे वाट मोकळी आहे, पुडी तयार आहे, नियम अनुकूल आहे. अडवणूक होते ती पुडी बांधणाऱ्याच्या हातात, ‘प्रथम हे आस्कीत बसते का ते दाखवा’ या एका ओळीपाशी. आणखी नवल असे की २०१२ साली टपालाचा पत्ता कोणत्याही लिपीत लिहिता यावा असा नियम झाला, आणि २०१५ साली याच लायब्ररीत त्याची सोयही आली. दारावरची पाटी देवनागरीत लावण्यास परवानगी मिळाली. किल्ली मात्र परदेशी घडणीचीच हवी, हा आग्रह त्यानंतरही चालू राहिला. मुद्दाम कोणी केले असे नव्हे. पाटी सर्वांना दिसते, किल्ली खिशात असते. म्हणून पाटीची आठवण झाली, किल्लीची राहिली.

काम टाकून देणारी लायब्ररी निदान प्रामाणिक तरी म्हणावी. तिच्यावर वैतागलेला कार्यक्रमकार कधी कधी जो उपाय करतो तो अधिक घातक असतो. ‘जे अक्षर आस्कीत बसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घाल’, अशी आज्ञा देता येते. तसे केले की तक्रार थांबते. आता हिशेब करू. ‘ज्ञानेश्वर’ हा शब्द संगणकाच्या दृष्टीने दहा चिन्हांचा: ज, हलन्ताची खूण, ञ, काना, न, मात्रा, श, पुन्हा हलन्त, व आणि र. त्याची दहा प्रश्नचिन्हे होतात. ‘महाबळेश्वर’ हाही मोजून दहा चिन्हांचा शब्द. त्याचीही दहा प्रश्नचिन्हे! परवली ठरवताना आणि तपासताना दोन्ही वेळा हीच मोडतोड झाली, तर एकाची परवली ‘ज्ञानेश्वर’ असताना दुसरा ‘महाबळेश्वर’ म्हणून आत शिरेल. कुलूप दिसते, किल्ली फिरते, आणि दाराला कडीच नाही. ‘न बसणारी अक्षरे गाळून टाक’ ही आज्ञा तर याहून वाईट: मग पूर्ण मराठी परवली म्हणजे कोरी परवली.

येथवर आम्ही गृहीत धरले की एका शब्दाचे युनिकोडमधले क्रमांक तरी एकच असतात. दुर्दैवाने तेही खरे नाही, आणि येथे प्रश्न खास आपल्या मराठीच्या अंगणात येतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या खोल जागा. एकात रफार, दुसऱ्यात पापणीसारखा र. अर्थात जमीन-अस्मानाचे, नव्हे पाणी-डोंगराचे अंतर! हा पापणीचा र संगणकात तीन प्रकारांनी लिहिता येतो. खास त्यासाठीचे २३५३ क्रमांकाचे अक्षर घ्यावे. किंवा साधा र, २३५२, घेऊन त्याला २३६४ क्रमांकाचा नुक्ता जोडावा. किंवा साध्या र नंतर हलन्ताची खूण देऊन पुढे ८२०५ क्रमांकाचा, डोळ्यांना न दिसणारा ‘जोडक’ ठेवावा. पडद्यावर तिन्ही वेळा एकच ‘दऱ्या’ दिसते. घरच्या संगणकाचा कळफलक एक प्रकार वापरील, खिशातल्या फोनचा दुसरा. डोळ्यांना फरक दिसत नाही, कळ दाबणाऱ्याला ठाऊक नसतो, आणि पहारेकरी मात्र अंकच मोजतो.

यावर उपाय म्हणून शब्दांचे ‘सामान्यीकरण’ करतात. म्हणजे समान मानलेले सर्व प्रकार तपासण्यापूर्वी एका ठरलेल्या रूपात आणायचे. परवलीसाठी असा एक नियम २००५ मध्ये झाला, ‘सासलप्रेप’. त्याने पहिला आणि दुसरा प्रकार एक होतो. पण तो नियम न दिसणारी चिन्हे काढून टाकतो, आणि त्यांत आपला जोडकही जातो. परिणाम असा की तिसऱ्या प्रकाराने लिहिलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो! शिवाय हा नियम २००२ सालच्या युनिकोडला जखडलेला आहे. आपला ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, आणि रुपयाचे चिन्ह २०१० साली. म्हणजे या नियमाच्या लेखी ती दोन्ही अजून जन्मलेलीच नाहीत, आणि साठवायच्या परवलीत त्यांना मज्जाव आहे. २०१५ मध्ये, आणि सुधारून २०१७ मध्ये, नवा नियम आला. त्यात ही जुन्या आवृत्तीची बेडी नाही, आणि हलन्तानंतरचा जोडक राहू दिला आहे. तरी एक गोष्ट त्यालाही सुटलेली नाही. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ‘ॲ’ यांना युनिकोड समान मानत नाही. डोळ्यांना एक, कायद्याला दोन. तेथे कोणतेही सामान्यीकरण धावून येत नाही.

आणखी एक बाजू लांबीची. ‘परवली किमान आठ अक्षरांची हवी’ असे सांगतात. ‘ज्ञानेश्वर’ मोजा. शाळेतला मुलगा म्हणेल चार अक्षरे: ज्ञा, ने, श्व, र. युनिकोड म्हणेल दहा. यूटीएफ-८ म्हणेल तीस बाइट. तिघेही आपापल्या परीने खरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१७ साली परवलीत युनिकोड अक्षरे घ्यावीत असे सुचवताना प्रत्येक क्रमांक एक अक्षर धरण्यास सांगितले, हे निदान स्पष्ट झाले. उलट टोकाला, परवलीची मोड करून साठवण्याची ‘बीक्रिप्ट’ नावाची १९९९ सालची प्रसिद्ध रीत ७२ बाइटांपुढचे पाहत नाही. इंग्रजीत ती ७२ अक्षरे. देवनागरीत चोवीसच चिन्हे. म्हणजे मराठी माणसाने लांबलचक वाक्य ठेवले तर त्याचा पुढचा भाग मोजलाच जात नसेल. या रीतीच्या एका बहुप्रचलित घडणीत २०११ साली आणखी एक दोष सापडला. १२७ पुढचा बाइट ती ऋण अंक समजे, आणि त्यामुळे त्याच्या आधीची काही अक्षरे हिशेबातून पुसली जात. इंग्रजी परवलीला यातला काहीच धक्का नाही. म्हणून तो दोष वर्षानुवर्षे दडून राहिला. ज्या वाटेने कोणी चालून पाहिलेच नाही, तिच्यावरचा खड्डा कोणाला दिसणार?

आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा: ‘इंग्रजी अक्षरांत परवली ठेवा, भांडण मिटले.’ स्वतःपुरता हा सल्ला आज शहाणपणाचा आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण सल्ला आणि न्याय एक नव्हेत. परवली लक्षात राहावी लागते, आणि माणसाच्या लक्षात सर्वांत पक्के राहते ते त्याच्या भाषेतले. ज्या आजीला नातवंडांनी फोनवर मराठी लिहायला शिकवले, तिला परवलीपुरती परकी अक्षरे पाठ करायला लावली की ती कागदावर लिहून फोनच्या पाठीला चिकटवते. ही सुरक्षितता नव्हे. दुसरे असे की, यंत्राला जमत नसेल तर त्याने ‘मला जमत नाही’ म्हणावे. बरोबर शब्द सांगणाऱ्याला ‘तू चुकलास’ म्हणणे हे खोटे बोलणे आहे, मग ते यंत्राने बोलले तरी.

दुसरा आक्षेप जाणकाराचा: ‘मोठ्या कंपन्यांनी बाहेरच्या टपाल-कार्यक्रमांना खात्याची परवली देण्याची पद्धतच मोडीत काढली आहे.’ हे बऱ्याच अंशी खरे. गूगलने २०२२ च्या मेअखेर वैयक्तिक खात्यांसाठी तशी सोय बंद केली, आणि मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी ऑक्टोबरपासून आपल्या कार्यालयीन टपालसेवेत ती बंद करण्यास सुरुवात केली. पण टपाल म्हणजे दोन कंपन्या नव्हेत. महाविद्यालये, कारखाने, कचेऱ्या यांची स्वतःची टपालघरे आहेत; पावत्या धाडणारे कार्यक्रम आहेत; कागदाची प्रत काढून परस्पर टपालाने पाठवणारी यंत्रे आहेत. तेथे तीच जुनी दारे आहेत, आणि तोच दुभाषी.

तिसरा आक्षेप लायब्ररी लिहिणाऱ्याचा, आणि तो सर्वांत वजनदार. तो म्हणतो, ‘मी आज आस्की सोडून यूटीएफ-८ धरले, तर ज्यांच्या टपालघरात जुन्या तक्त्याने परवली साठवली आहे त्यांचे काय?’ साठवलेली परवली मोडलेल्या रूपात असते. तिच्यातून मूळ शब्द काढून नव्या तक्त्यात लिहिता येत नाही. मालक पुन्हा दाराशी येऊन शब्द सांगेल तेव्हाच काय ते करता येईल. ही अडचण खरी आहे. पण ती अडवून ठेवण्याचे कारण नव्हे. नीट व्यवस्था करण्याचे कारण आहे.

ती व्यवस्था आमच्या मते अशी असावी. लायब्ररीने काही न सांगता यूटीएफ-८ धरावे, कारण नियम तेच सांगतात. ज्याला जुन्या टपालघराशी बोलायचे आहे त्याला तयार बाइटच हाती देण्याची मुभा ठेवावी. म्हणजे तक्त्याची निवड, ज्याला ती ठाऊक आहे तोच करील. आयमॅपमध्ये परवली आस्कीबाहेरची दिसली की लायब्ररीने आपण होऊन ऑथेंटिकेटच्या दाराने जावे. अक्षर बदलणे किंवा गाळणे हे परवलीच्या बाबतीत कधीही करू नये. न जमले तर थांबावे, आणि ‘परवली चुकीची’ न म्हणता ‘ही अक्षरे मला पाठवता येत नाहीत’ असे म्हणावे. सामान्यीकरणाची अंतिम जबाबदारी टपालघराने घ्यावी, आणि परवली ठरवताना व तपासताना एकच रीत वापरावी. आणि शेवटी, लायब्ररीची चाचणी घेताना एक परवली जर्मन, एक पौंडाच्या चिन्हाची आणि एक ‘दऱ्या’ अशी ठेवावी. या तिन्हींतून जी पार पडली ती बहुतेक ठिकाणी पार पडेल.

आपण श्रोत्यांनी काय करावे? देवनागरीत परवली ठेवायची असेल तर प्रथम संकेतस्थळ, फोन आणि संगणकावरचा टपाल-कार्यक्रम या तिन्ही ठिकाणी ती चालते का ते पाहावे, आणि मगच तिच्यावर विसंबावे. पापणीचा र, ॲ, नुक्त्याची अक्षरे आणि रुपयाचे चिन्ह तूर्त टाळावे; साध्या अक्षरांचे चार-पाच असंबद्ध शब्द घ्यावेत, मात्र चोवीस चिन्हांच्या आत बसवावेत. प्रसिद्ध अभंगाची वा गाण्याची ओळ ठेवू नये. जी सर्वांना पाठ आहे ती चोरालाही पाठ असते. आणि ‘परवली चुकीची’ असे उत्तर आले तर लगेच स्वतःवर अविश्वास धरू नये. तीच परवली दुसऱ्या वाटेने चालते का ते पाहावे. चालत असेल तर दोष आपला नाही, हे समजून कार्यक्रम करणाऱ्याला तसे लेखी कळवावे. तक्रार आलीच नाही तर त्याला वाटते की असा शब्द कोणी वापरतच नाही.

आमच्या मुलामुलींपैकी कितीतरी जण आज याच धंद्यात आहेत. अशा लायब्ऱ्या वापरतात, काही जण लिहितातही. त्यांच्यातल्या एखाद्याच्या हातून ती एक ओळ दुरुस्त झाली, तर तिचा उपयोग जर्मनाला होईल, जपान्याला होईल, आणि कुठल्याशा गावात मराठीत आपली परवली लिहिणाऱ्या माणसालाही होईल. त्यासाठी फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. आपला शब्द दाराशी अडतो, याची जाणीव हवी. ती आज या सभेत थोडी जरी झाली असेल तर आमच्या बोलण्याचे चीज झाले असे आम्ही समजू.